दरवाजातला सातवा दगड

“माणसं मोजानी नही, भाऊसाहेब. दगड मोजाना.”

आमच्या मोजणीच्या तुकडीत रोजंदारीवर असलेले वाटाडे आबा प्रत्येक चढाईआधी हे सांगत. मूळचे धुळ्याकडचे, यावलला स्थायिक झालेले. जाताना प्रत्येकाने वाटेवर एक दगड मांडायचा, येताना उचलायचा. उरला, तर माणूस वर राहिला. माणसं बोटाने मोजणं त्यांना अशुभ वाटे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल.

मला हा पोरखेळ वाटे. माझ्याकडे वही होती. साखळी, दोर, झेंड्या, पाण्याच्या छागली, माणसं सात, सगळ्यांपुढे खूण.

तो वैशाखातला दिवस. सातपुड्यातल्या पडक्या किल्ल्याच्या वरचं पठार मोजायचं होतं. किल्ल्याच्या ढासळलेल्या दरवाजात आम्ही दगड मांडले. नकाशे काढणारे पाटील अंगाने भारी.

“आबा, माझा दगड मोठा ठेवू का?”

“पोट आठेच ठेवी जा, बिगीन चढशात!” आबांनी दगडांशेजारची जागा दाखवली.

वर झाड नव्हतं. दुपारी पाणी संपलं. तीन वाजता मी नावं वाचली. पाटलांच्या नावाला कुणीतरी म्हणालं, “येताहेत मागून.” मी खूण केली. सात हजर.

दरवाजात सहा दगड उचलले गेले. एक उरला.

“येतील हो. शेवटची एसटी चुकेल,” मी वही दाखवली.

“तुमना कागद खोटा बोली ऱ्हायना, भाऊसाहेब.” आबा एकटेच परत वर चढले.

आम्ही बसून राहिलो. ऊन उतरलं तेव्हा ते दिसले. पाठीवर पाटील. किल्ल्याच्या कोरड्या टाक्यात भोवळ येऊन पडलेले सापडले होते. बाहेर काढताना चिरा निसटून आबांचा गुडघा फुटला होता. त्याच पायाने ते उतरले होते.

पाटील वाचले. आबांचा पाय मात्र वाकेना.

कचेरीने विचारलं, मोजणी संपवून सगळे हजर असताना हा माणूस पुन्हा वर कशाला गेला? खरं लिहायचं तर नसलेल्या माणसापुढे मी खूण केली, हे लिहावं लागणार होतं. मी लिहिलं, “स्वतःच्या कामासाठी मागे फिरला.”

तसं आबांना सांगायलाही गेलो. ते खाटेवर होते.

“तुमले लिखनं शे ते लिखा. पाटील भाऊ जगना, बस.”

इजा कामावरची धरली गेली नाही. पुढच्या महिन्याच्या यादीतून त्यांचं नाव मीच खोडलं.

दोन वर्षांनी यावलच्या स्टँडवर ते दिसले. बाकावर बसलेले, पाय सरळ पुढे. मला पाहताच त्यांनी दोन्ही हातांनी तो पाय उचलला, बाजूला ठेवला आणि जागा केली.

“बसा, भाऊसाहेब.”

जळगावची गाडी लागायला अजून अर्धा तास होता. मी उभाच राहिलो.