गेममधलं खग्रास ग्रहण

गेल्या जूनमध्ये माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा आठवडे घरातच राहायला सांगितलं. पुण्याची मुलगी आली, आठवडाभर राहिली आणि जाताना जावयांचं जुनं गेमचं मशीन आमच्या टीव्हीला जोडून गेली. आईने दिवसभर मालिका बघत बसू नये, एवढाच तिचा हेतू. तहसील कचेरीत उभा जन्म काढलेल्या बाईला तो कंट्रोलर हातात कसा धरायचा हे कळायलाच चार दिवस लागले. पाचव्या दिवसापासून मात्र मला दुसरं काही सुचेना.

त्या गेममध्ये एक मोठं राज्य आहे. डोंगर, जंगलं, पडके किल्ले, चेटकिणी, उडणारे साप, आणि या सगळ्यातून घोड्यावर बसून तलवार घेऊन फिरणारी एक बाई. ती बाई म्हणजे मी. दुपारी जेवणं आटोपली, भांडी घासणारी येऊन गेली, की मी पाय स्टुलावर ठेवायचे आणि तीन तास त्या राज्यात असायचे. साठी ओलांडल्यावर मला पहिल्यांदाच असं काहीतरी मिळालं होतं, ज्यात घरातल्या कुणाचाही हात नव्हता.

आमचे हे हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण घरात अजून वर्गात असल्यासारखे वावरतात. सुरुवातीला गेमकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. मुलीला फोनवर म्हणाले की तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर आहे ना तेवढं बघ. मग एकदा पेपर हातात घेऊन माझ्या मागून जाताना ते थबकले. गेममध्ये रात्र पडत होती आणि मी एका टेकडीवरच्या पडक्या बुरुजाखाली घोड्याला चरायला सोडलं होतं.

"तो तारो काल हंयसर नव्हतो," ते म्हणाले.

मी लक्ष दिलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली. तिथेच माझी चूक झाली, तेव्हाच काहीतरी कारण काढून त्यांना उठवायला हवं होतं.

तो गेम ज्यांनी केला त्यांनी राक्षस आणि चेटकिणी मनाच्या घातल्या, पण आभाळ मात्र खरं करायचं ठरवलं होतं. म्हणजे आपलं आभाळ नव्हे, त्या जगाचंच, पण नियमाने चालणारं. चंद्र रोज थोडा उशिरा उगवायचा, वाढायचा, घटायचा. तारे सगळे मिळून फिरायचे आणि त्यांच्यातले चार ठिपके आपापल्या चालीने सरकायचे. हे सगळं ह्यांनी तीन दुपारी बघून मला सांगितलं, मी विचारलेलं नसताना. त्या जगाचा अख्खा दिवस आपल्या पाऊण तासात संपतो, त्यामुळे माझ्या तीन तासांच्या खेळात त्यांना चार रात्री मिळायच्या. आयुष्यभर ग्रहांचा धडा शाळेत नेमका पावसाळ्यात यायचा आणि पोरांना दाखवायला आभाळच नसायचं, असं ते म्हणाले. इथे बाहेर धो धो कोसळत असताना टीव्हीत चार ग्रह.

मला त्याचं काही नव्हतं. पण निरीक्षणासाठी माणसाला एका जागी उभं राहावं लागतं, आणि ते माणूस मी होते. रोज गेममध्ये अंधार पडला की मी त्या बुरुजाखाली, पूर्वेकडे तोंड करून, न हलता उभी राहायचे. ह्यांनी वह्यांना घालायचं पारदर्शक प्लास्टिक आणून टीव्हीच्या काचेवर चिकटपट्टीने लावलं. बुरुजाचं टोक कुठे यायला हवं त्याची खूण केली आणि प्रत्येक ग्रहाच्या जागी रोज स्केचपेनने ठिपका द्यायला सुरुवात केली. एक लाल, एक हिरवा, दोन निळे. दिवसा मी लढायला गेले की समोरच्या दरोडेखोराच्या तोंडावर हे ठिपके. डोळा कुठला आणि ग्रह कुठला ते कळायचं नाही.

त्यात त्या टेकडीवर लांडगे होते. रात्री उभं राहिलं की हमखास यायचे.

"अहो, लांडगो इलो."

"दोन मिनिटां थांब."

"खाता तो माका."

"हलूं नको. निळो रवलो हा अजून."

लांडग्याने खाल्लं की मी जवळच्या देवळापाशी पुन्हा जिवंत व्हायचे आणि टेकडी परत चढायचे. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. ह्यांनी मोजलं असेल, कारण प्रत्येक वेळी निरीक्षण हुकलं म्हणून वहीत फुली मारायचे. मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, आई, बाबांना काहीतरी मिळालं ना, असू दे. माझं जे गेलं त्याची कुणाला पडली नव्हती.

जुलैच्या शेवटी त्यांचा लाल ग्रह उलटा चालायला लागला. ठिपक्यांची ओळ पुढे जाता जाता थांबली आणि मागे वळली. ह्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं, कणकेच्या हातांनी. ग्रह वक्री होतो म्हणजे खरा मागे जात नाही, आपणच त्याला ओलांडून पुढे जातो म्हणून तसं दिसतं, हे त्यांनी पोळपाटावर दोन वाट्या फिरवून समजावलं. त्या दिवशी पोळ्या उशिरा झाल्या आणि उशीर का झाला हे त्यांनीच विचारलं.

त्यानंतर ते चंद्राच्या मागे लागले. त्याची वाट सूर्याच्या वाटेला कुठे छेदते ते काढलं, तीन आठवडे आकडेमोड केली, आणि एका मंगळवारी जेवताना जाहीर केलं की शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला त्या जगात सूर्यग्रहण लागणार, तेही खग्रास. मात्र आपण रोज ठरल्याप्रमाणे तीनच तास खेळलं पाहिजे, गुरुवारी तर मशीनला हातसुद्धा लावायचा नाही. गुरुवारी त्यांना मसुऱ्याला मावसभावाच्या बाराव्याला जायचं होतं.

मी हो म्हटलं. पण गुरुवारी ते सकाळच्या एसटीने गेले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा टीव्ही माझा एकटीचा झाला. उत्तरेकडचा एक किल्ला मला कधीपासून घ्यायचा होता. ह्यांच्या रात्रीच्या हजेरीमुळे तिथवर पोचायलाच व्हायचं नाही. मी स्वतःला सांगितलं, तासभरच खेळू. किल्ला घेतला. चारशे पायऱ्या, वर दोन तोंडांचा राक्षस, आणि त्याच्या तबेल्यात बांधलेली एक पांढरी घोडी, ती पण मिळाली. मी खोलीत एकटीच मोठ्याने हसले. अंगावर मात्र एवढे वार झाले होते की चालवेना, म्हणून खालच्या गावातल्या धर्मशाळेत त्या बाईला झोपवलं.

गेममध्ये झोपलं की जखमा भरेपर्यंत दिवस पुढे सरकतात. हे मला माहीत होतं. तेवढ्या वेळी डोक्यात नव्हतं, एवढंच. ती उठली तेव्हा चार दिवस गेले होते.

संध्याकाळी हे आले, पाय धुतले, टीव्ही लावला आणि चंद्र बघितला. पश्चिमेला चांगली बोटभर कोर होती. ग्रहण होऊन गेलं होतं. ओरडले असते तर मीही ओरडले असते, माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांनी टीव्हीवरचं प्लास्टिक काढलं, घडी घातली, आणि काचेवर राहिलेला चिकटपट्टीचा डिंक ओल्या फडक्याने पुसत बसले. दुसऱ्या दिवशी टीव्हीकडे फिरकले नाहीत. चहा घेतला, बाजारात गेले, बांगडे आणले, जेवले, झोपले. विचारलं तेवढ्याचं उत्तर.

आता खरी गोष्ट सांगते. गुरुवारी सकाळी किल्ल्याकडे निघण्याआधी मी गेम सेव्ह केला होता. म्हणजे तो बुधवारचा खेळ होता तसा मशीनमध्ये शिल्लक होता. तो उघडला की ग्रहण पुन्हा पुढे येणार होतं. फक्त किल्ला गेला असता, आणि घोडी. शिवाय वर्षानुवर्षं शास्त्र शिकवलेल्या माणसाने एकदा तरी विचारावं की नाही, काही करता येईल का म्हणून? पण ह्यांच्या डोक्यात ते आलंच नाही. आभाळात जे होऊन गेलं ते गेलं, हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की टीव्हीतल्या आभाळालाही त्यांनी तेच लावलं. दोन दिवस मी चिडून गप्प बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही शाळेच्या जुन्या कागदांच्या ट्रंकेत नेऊन ठेवली, तेव्हा मला राहवेना.

"बुधवार अजून आसा," मी म्हटलं.

"खंय?"

"मशिनात."

मी समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आणि तुझो किल्लो?"

"किल्लो जातलो."

"नको मगे," म्हणाले. "तू घेतलंस तो."

त्या 'नको'चा मला जास्त राग आला. दोन महिने लांडग्यांच्या तोंडी देताना एकदा नको म्हणाले नाहीत. मी त्यांच्यासमोर बुधवार उघडला आणि आता वही आणा म्हटलं.

त्या जगातले पहिले दोन दिवस टेकडीवर शिस्तीत उभी राहिले. त्यांचा हिशेब बरोबर निघाला. चंद्र सकाळच्या आभाळात बारीक होत सूर्याकडे सरकत होता. आणि मग ग्रहणाचा दिवस उजाडल्यावर ह्यांनी सांगितलं की ग्रहण सूर्यास्ताला टेकून आहे, आणि टेकडीच्या पश्चिमेला डोंगर आहेत. सूर्य आधीच डोंगराआड जाणार. समुद्रावर जायला हवं.

हे आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. आधी तू विचारलं नाहीस, म्हणाले.

गेममध्ये लांबच्या गावी एका उडीत जाण्याची सोय आहे, पण त्यात वेळ किती सरकेल ते सांगता येत नाही. म्हणजे घोड्यावरूनच जायचं. त्या जगातली सकाळ ते संध्याकाळ म्हणजे माझ्याकडे जेमतेम पंचवीस मिनिटं. ह्यांनी नकाशा उघडायला सांगितला आणि पुलावरचा सरळ रस्ता बोटाने दाखवला. पुलावर दरोडेखोर असतात हे त्यांना कसं कळणार, ते नेहमी वरच बघत असायचे. मी खालच्या अंगाने नदीत घोडा घातला. माझा जुना तांबडा घोडा, दमून थांबणारा. तो थांबला की हे टीव्हीजवळ जाऊन सूर्य डोंगरापासून किती बोटं वर आहे ते मोजायचे आणि मला सांगायचे. न सांगते तर बरं झालं असतं. शेवटच्या खिंडीत एक उडता साप मागे लागला. मी लढायला थांबले नाही, पाठीवर दोन फटके खाल्ले आणि तशीच वाळूवर उतरले.

समुद्र समोर होता. सूर्याचा अर्धा भाग चंद्राने खाल्लेला होता.

मी कंट्रोलर मांडीवर ठेवला. उजेड कमी होत गेला, पण संध्याकाळसारखा नव्हे. पाणी शिशासारखं दिसायला लागलं आणि घोड्याची सावली एकदम रेखीव झाली. मग सूर्य झाकला गेला आणि भोवती पांढरं काहीतरी पसरलं. त्याचं वर्णन मी करत नाही. आमच्या टीव्हीचा रंग आधीच जरा फिका आहे, पण माझ्या अंगावर काटा आला हे खरं.

हे ग्रहणाकडे बघतच नव्हते. नाक काचेला टेकेल इतके जवळ जाऊन बाजूचं काळं आभाळ तपासत होते.

"पाचवो," म्हणाले. "हो बघ. पाचवो आसा."

सूर्याला चिकटून एक बारीक ठिपका होता. तो ग्रह इतर वेळी सूर्याच्या उजेडात लपायचा, म्हणून दोन महिन्यांत त्यांना एकदाही दिसला नव्हता. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला, वहीत लिहायचं होतं म्हणून.

तेवढ्यात मागून टोपली घेतलेली एक कोळीण आली. ती त्या किनाऱ्यावर नेहमी असते. भर अंधारात, सूर्य झाकलेला असताना, ती मला इंग्रजीत म्हणाली की आज ऊन काय सुरेख पडलंय. पलीकडे दोघे जण जाळी विणत होते, त्यांनी मान वर केली नाही. पाखरं किलबिलत होती.

ह्यांचा चेहराच उतरला. एवढं आभाळ केलं आणि त्याखाली बघायला एक माणूस ठेवला नाही, म्हणाले. ग्रहण सुटेपर्यंत ते त्या कोळिणीवर बोलत राहिले. मी त्यांना सांगितलं की त्या बाईला तेवढं एकच वाक्य येतं. ते त्यांना पटलं नाही.

रात्री त्यांनी गेम करणाऱ्यांना तीन पानी पत्र लिहिलं. ग्रहणात पाखरं घरट्याकडे वळतात, गुरं हंबरतात, माणसं घराबाहेर येऊन वर बघतात, सगळं मुद्देसूद. इंग्रजी त्यांचं, टायपिंग माझं. चार मिनिटांत उत्तर आलं, तुमची तक्रार मिळाली, आपण आमच्या कुटुंबाचा भाग आहात. ते मशीनने पाठवलेलं असतं हे मी दहादा सांगितलं. तरी रोज सकाळी चहा घेताना विचारतात, काय इलां काय?

किल्ला घ्यायला मी परत गेले. या वेळी राक्षस जड गेला, तीनदा मेले, चौथ्यांदा जमलं. पण तबेल्यात घोडी नव्हती. ती कधी असते आणि कधी नसते, मुलीने सांगितलं. मी ह्यांना काही बोलले नाही. बोलून उपयोग नव्हता, ते माझ्या शेजारी नवं प्लास्टिक कापत बसले होते. दक्षिणेच्या टोकाला वेगळे तारे दिसतात का ते त्यांना बघायचं आहे, आणि तिकडे जायचा रस्ता दलदलीतून आहे. किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी जेवून घ्या.