उघडा सांधा

हवा आणि इज्जत, दोन्ही सांध्यातूनच जातात, असं आमचा कूलरवाला म्हणायचा. म्हणताना चिकटपट्टीचं टोक दातांत असायचं, त्यामुळे ते वचन निम्मंच ऐकू यायचं. पावसाळी दमट हवेनं कूलरच्या डक्टच्या, म्हणजे हवेच्या नळाच्या, पट्ट्या सुटायच्या; मग उन्हाळ्याच्या तोंडाशी तो यायचा आणि डोळे मिटून प्रत्येक सांध्याला गाल लावायचा, नाडी बघणाऱ्या वैद्याच्या थाटात.

यंदा तो कूलर बंद करून आईच्या खोलीत शिडीवर चढला. गच्चीवरून येणारा डक्ट तिच्या डोक्यावरून हॉलमध्ये उघडतो. हॉलमध्ये दादा मला सांगत होता, "लिंबागणेशचं रान विकून टाकू. आईला सहीच्या दिवशीच सांगू."

डक्टच्या जाळीतून कूलरवाल्याचा आवाज आला, "दादा, हळू बोला. सांदा उघडा हाय. मावशीला समदं ऐकू येतंय."

दादाचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

मग त्याच जाळीतून आई बोलली, "कावून थांबलास? बोल की. रान माझ्या नावावर हाय." आणि कूलरवाल्याला म्हणाली, "तू बुजवू नको रे तो सांदा."

तो पट्टी गुंडाळून खाली उतरला.

हॉलमध्ये आता वारा जेमतेम येतो. आईची खोली मात्र छान गार असते.