जिताड्याचा काठ

रोह्याच्या सासऱ्यांना मी फोनवर सांगून बसलो, "बाजारातून मासळी आणू नका, जिताडा मी आणतो." नवी कयाक, एकट्याने वल्हवायची होडी, घेतल्याचा माज, दुसरं काय! वडखळजवळच्या त्या तलावात मी पहिल्यांदाच उतरत होतो आणि वारा सुटला होता.

काठावर एक मावशी गळाची दोरी धरून बसल्या होत्या. लुगड्यावर पुरुषी शर्ट. मी वल्हं मारत मध्यावर जायचो, वारा मला त्यांच्याच पुढ्यात आणून टाकायचा. म्हैस आडवी आली की उचलावी तशी त्या मान वर न करता दोरी उचलायच्या, मला जाऊ द्यायच्या, पुन्हा सोडायच्या.

चौथ्या खेपेला म्हणाल्या, "वाऱ्याशी कशाला भांडतंस, बाला? त्यानं बारकी मासली सगली इकडं लोटलीय. जिताडा तिच्यामागं येनार. उतर नि बस गप."

उतरलो, म्हणजे पडलो. गुडघाभर पाण्यात "वाचवा!" म्हणून ओरडलो.

"हुबा ऱ्हा की!" म्हणत त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या.

तासाभराने त्यांच्या शेजारी बसूनच माझ्या गळाला जिताडा लागला.

रोह्यात सासरे कौतुकाने म्हणाले, "होडी कामाला आली तर!"

"हो," मी म्हणालो. खोटं कुठे होतं? तिनेच तर मला काठावर पोचवलं होतं.