सबडोमेनवरचा आवाज

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरातही कोणाला बोललो नाही. कधी विषय निघालाच तर सर्व्हर, कंपनी, बिघाड असे शब्द वापरायचो. हे शब्द ऐकले की माणसं पुढचं विचारत नाहीत, हे मला धंद्यानं शिकवलं होतं. आता ज्यांना सांगायला हवं होतं त्या नाहीत, तेव्हा निदान खरं काय झालं ते लिहून ठेवतो.

अमरावतीत माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटर गेले तसे मी कॉम्प्युटर आणले आणि पुढे उतारवयात वेबसाइट करून देऊ लागलो. लोक मास्तर म्हणत ते म्हणतच राहिले. वेबसाइटना जागा भाड्यानं देणाऱ्या एका होस्टिंग कंपनीकडे मी खातं घेतलं होतं, एकच, आणि त्यातच सगळ्यांची सोय लावली होती. अकोल्यातल्या एका शिकवणी वर्गाची वेबसाइट हे त्यातलं मोठं गिऱ्हाईक. ज्यांना स्वतःचं नाव विकत घेणं नको असे, त्यांना मी इन्स्टिट्यूटच्या नावाआधी एक शब्द आणि टिंब जोडून पत्ता देत असे. त्याला सबडोमेन म्हणतात. खातं सांभाळायच्या पानावर, म्हणजे कंट्रोल पॅनलमध्ये, एक चौकट भरली की पत्ता तयार होतो, आणि एक बटण दाबलं की जातो. पत्ते कितीही असोत, जागेची आणि फायलींची मर्यादा मात्र सगळ्यांत मिळून एकच होती.

असाच एक पत्ता अंजनगाव सुर्जीकडच्या एका मळेवाल्याचा. भाजी आणि फुलं पिकवणारं घर. त्यांची मुलगी माझ्याकडे टायपिंग शिकलेली. हे गृहस्थ रोज सकाळी मळ्यात फिरता फिरता फोनवर बोलत आणि ते ओळखीच्या मळेवाल्यांना पाठवत. झेंडूचं पाणी कधी तोडायचं, वांग्याच्या शेंड्यात अळी शिरली ती कशी ओळखायची, असं काहीबाही. हे सगळं एका जागी असावं असं मुलीच्या मनात आलं आणि ती वडिलांना घेऊन माझ्याकडे आली.

"मास्तर, माह्या आवाजाले भाडं किती?" त्यांनी बसता बसताच विचारलं.

"आवाजाला नाही, जागेला."

"मंग ठीक हाय. आवाज त आमच्या घरी फुकटातबी कोनी आयकत नाई."

त्यांच्या तिकडे नेटवर्क अडखळायचं. म्हणून मीच एक युक्ती केली: प्रत्येक बोलण्याचे काही सेकंदांचे तुकडे करून ठेवणारा प्लेयर बसवला. एक तुकडा वाजेपर्यंत पुढचा उतरून यायचा. युक्ती छान चालली. फक्त एका बोलण्याच्या कितीतरी फायली होऊ लागल्या, आणि त्याकडे मी लक्ष दिलं नाही. एखादं ध्वनिमुद्रण मी तपासायला ऐकत असे. मागे पाटाचं पाणी, पक्षी, आणि हमखास त्यांच्या बायकोचा आवाज: "वांग्याले सांगून झालं असन त चहा प्याले या! थंडा होऊन राहिला." ते बोलता बोलता हसायचे आणि तिथेच ध्वनिमुद्रण संपायचं.

दोन-तीन वर्षांनी ते गेले. छातीत कळ आली आणि मळ्यातच बसले म्हणे. मुलगी लग्न होऊन अकोल्याला होती. तिचा फोन आला, "काका, बाबांचं पान राहू द्याल ना? तुमाले अडचन नाई ना?" मी म्हटलं, "तुला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही." असं मी स्वतःहून म्हणालो होतो.

पुढे एका उन्हाळ्यात, शिकवणी वर्गाच्या प्रवेशाच्या दिवसांत, वर्गाच्या मालकांचा फोन आला. फॉर्म जात नव्हते, मेल येत नव्हत्या. "मास्तर, पालक दारात उभे आहेत. जमत नसेल तर स्पष्ट सांगा, नागपूरला माणूस पाहून ठेवलाय." मी पॅनल उघडलं. जागा भरपूर शिल्लक होती. संपली होती ती फायलींची मर्यादा. ती दाखवणारी पट्टी टोकापर्यंत लाल. सर्वांत जास्त फायली कुठे आहेत ते पाहिलं, तर मळेवाल्यांच्या सबडोमेनमध्ये. मग तिथे कोण येतं ते पाहिलं. दिवसाला एकच भेट. रोज भल्या सकाळी, त्याच सुमाराला, एकच ध्वनिमुद्रण.

इंटरनेटवर पानं चाळत फिरणारी यंत्रं असतात. ती अशीच वेळ पाळतात. माणूस इतक्या नेमानं कुठे येतो, असं मला वाटलं. फोन बाजूलाच पडला होता. मुलीला विचारायला तो उचलावा लागला असता, एवढंच. मी आधी फोल्डर पुसलं, मग सबडोमेन. पट्टी हिरवी झाली. फॉर्म धडाधड येऊ लागले आणि मी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनगावहून फोन. मळेवाल्यांच्या पत्नी. आजवर त्यांनी मला कधी फोन केला नव्हता.

"मास्तर, आज ते बोलून नाई राहिले."

मी विचारलं, "काय दिसतंय तिथं?"

"मी रोज लावते ना, चहा मांडला का. आज तिथं पोरापोरींचे फोटो येऊन राहिले. माह्या फोनचं काही बिघडलं का?"

सबडोमेन काढल्यामुळे तो पत्ता आता इन्स्टिट्यूटच्या पानावर जात होता. तिथे विद्यार्थ्यांचे फोटो होते आणि प्रवेश सुरू असल्याची पाटी. मी म्हणालो, "वहिनी, फोन ठीक आहे. कंपनीकडे बिघाड झालाय. बघतो."

"सावकाश पाहा. मले काई घाई नाई."

इथपर्यंतची चूक कदाचित कोणी पोटात घातली असती. खरं पाप पुढचं आहे. कंपनी सगळ्या खात्याची प्रत आठवडाभर ठेवत असे. ती परत आणता येत होती. पण आणायची तर पूर्ण खात्याची, म्हणजे मधल्या दिवसांत आलेले शिकवणी वर्गाचे फॉर्म गेले असते. मालकांना फोन करून म्हणावं लागलं असतं, माझ्या हातून एक चूक झाली आहे, आलेले फॉर्म उतरवून घेऊ, थोडा वेळ द्या. अशक्य काहीच नव्हतं. पण नागपूरचा तो माणूस माझ्या डोक्यातून जाईना. उद्या बोलू, परवा बोलू, असं करत आठवडा गेला आणि जुनी प्रत आपोआप पुसली गेली. खरं सांगतो, ती गेल्यावर मला थोडं हलकं वाटलं. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हलकं वाटणं टिकलं नाही. सापडलं नाही असं पान मागणारा मुख्य पानावर वळवला गेला, तरी त्या मागणीची नोंद पॅनलमध्ये होते. तिथे रोज सकाळी एक ओळ उमटू लागली. मळेवाल्यांच्या ध्वनिमुद्रणाची मागणी, आणि पुढे: फाइल नाही. त्या अजूनही चहा मांडून तेच ध्वनिमुद्रण लावून पाहत होत्या. मी सकाळी उठलो की तोंड धुण्याआधी ती ओळ पाहायचो. यायला उशीर झाला तर ती दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा पॅनल उघडायचो.

शेवटी सांगायचंच असं ठरवून मी अंजनगावला गेलो. त्यांनी ओसरीवर खुर्ची दिली, चहा दिला.

"आता नाई का येनार ते?" त्यांनीच विचारलं.

"नाही वहिनी. कंपनीचं मशीनच जळालं."

"जळालं? अरे देवा. मंग तुमचंबी लय नुकसान झालं असन."

मी "हो" म्हणालो. निघताना त्यांनी पिशवीभर वांगी दिली. नको म्हटलं तरी ऐकेनात. "तुमी एवढ्या उन्हात आले, हात हालवत जासान काय?" ती वांगी घरी सगळ्यांनी खाल्ली. मी डोकं दुखतं म्हणून जेवलो नाही.

ज्या मळेवाल्यांना ते बोलणं पाठवत, त्यांच्या फोनवर इतक्या वर्षांनी काही उरलं नव्हतं. त्यानंतर घरातल्या जुन्या डिस्का, जुने लॅपटॉप सगळं धुंडाळलं. प्लेयर तपासायला केलेला एकच तुकडा सापडला. पाणी वाहतंय, कोणीतरी घसा साफ करतंय. शब्द सुरू होण्याआधीच तुकडा संपतो. तोही मी त्यांना नेऊन दिला नाही. हा वाचला तर बाकीचे कसे जळाले, असं त्यांनी विचारलं असतं. तो अजून माझ्याकडे आहे. घरात एकटा असलो की ऐकतो. हल्ली न लावताही ऐकू येतो, विशेषतः नळ सुरू असला की. मग मी नळ बंद करतो आणि उगीच थोडा वेळ उभा राहतो.

ती ओळ पुढेही येत राहिली, महिनेच्या महिने. एका पावसाळ्यात ती यायची थांबली. मी तीन-चार दिवस वाट पाहिली, मग मुलीला फोन लावला. वहिनींना अकोल्याला दवाखान्यात आणलं होतं. मी "भेटायला येतो" म्हणालो. बडनेरा स्टेशनपर्यंत गेलोही. तिकीट काढलं आणि गाडी समोरून जाऊ दिली. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

भेटायला मग गेलोच, तेराव्यानंतर. मुलगी म्हणाली, "काका, आई शेवटपर्यंत लावून पाहे. मी म्हनो, आई, ते बंद झालं. आई म्हने, मास्तरानं लय खटपट केली, एखांद्या दिवशी लागन." मुलगी डोळे पुसत होती. तेव्हाही मी मान खाली घालून बसलो आणि तिनं त्याचा अर्थ दुःख असा घेतला.

हे तिच्या वाचनात येईल. तिनं मला काय म्हणायचं ते म्हणावं. पण जे त्या ओसरीवर, चहाचा कप हातात असताना बोलायला हवं होतं, ते एवढंच होतं:

वहिनी, मशीन जळालं नाही. तुमच्या यजमानांचा आवाज मी माझ्या हातानं पुसला, कोणाला न विचारता. तुम्ही फोन केला तेव्हा तो परत आणता येत होता. मी माझी अब्रू सांभाळत बसलो आणि आणला नाही. मला माफ करा.