काहिलीतून आलेली माणसं

कृष्णेच्या पात्रातल्या आमच्या बेटावर घरं सहाच. सहा घरांत किस्से ते किती असावेत? पण बाहेरचं माणूस आलं की काहीतरी घडायचंच, आणि त्याला आणायला मीच! पावसाळ्यात आम्ही गूळ शिजवायची मोठी, पसरट लोखंडी काहील पाण्यात सोडायचो आणि तीच वल्हवायचो. पलीकडून हाक यायची, "काईल आणाऽऽ!" आणि मी आधी त्या माणसाच्या कपड्यांचा रंग बघायचे.

कारण आमचे हे लढाईवर गेले होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जवळच्या कुंडल गावात एकीच्या दारात पलटणीची तार आली, तर ती वाचून संपायच्या आत बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या होत्या. तेव्हापासून मला खाकी कापडाचीसुद्धा धास्ती!

* * *

एकदा काठावर टोपीवाले साहेब, हातात पेटी. भर धारेत काहील गरगर फिरायला लागली. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

मी विचारलं, "पलटणीतनं आलायसा?"

"नाही हो बाई! देवी टोचायला आलोय. आधी ही थांबवा!"

बेटावरच्या बायका पोरं घेऊन उसात पळाल्या. मी मात्र हसत हसत दंड पुढे केला. दुसराही केला! सासूबाई घरोघर सांगत सुटल्या, "आमची सून लय धीराची!"

* * *

बेचाळीसच्या चळवळीनंतर फौजदार आले. खरं सांगते, आधी मला हायसंच वाटलं. तार नव्हती ना!

मग आठवलं. काठावर दुसरी काहील पालथी घातली होती आणि तिच्याखाली एक भूमिगत गडी होता. फौजदार नेमके तिच्यावरच बसले. भर उन्हात दोन तांबे ताक प्यायले, गप्पा मारल्या, गेले.

गडी बाहेर आला तो लालबुंद. म्हणाला, "वैनी, फौजदार परवडला, पर काईल नगं!"

* * *

मग एक दिवस पलीकडे पोस्टमन उभा.

"वाचून दावू?"

"नगं."

"अगं, पलटणीची तार हाय!"

"म्हणूनच नगं!"

पाकीट चोळीत खुपसलं. घरी सांगितलं, वाट चुकलेलं माणूस होतं. बेटावर कुणालाच वाचता येत नव्हतं, तरी ते मी जोंधळ्याच्या कणगीत खोल पुरलं. तीन महिने रोज सकाळी सासूबाई विचारायच्या, "पत्र न्हाई आलं गं?" आणि मी "न्हाई" म्हणायचे. कुंकू मात्र रोज ठसठशीत लावायचे. म्हातारीला फसवतेय याची लाज वाटायची, पण ते पाकीट फोडून कुणाकडून वाचून घ्यायचा धीर होत नव्हता.

* * *

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा हाक. लांबून खाकी कपडे दिसले. मी जागची हलले नाही. सासूबाईंना म्हटलं, "काईल गळतीया."

त्या माणसानं चार हाका मारल्या, ट्रंक काठावर टाकली आणि सरळ पाण्यात उडी घेतली. त्याचं हात मारणं बघून सासूबाई ओरडतच पाण्याकडे धावल्या.

हे बाहेर आले. कपाळावर नवा व्रण, अंगातून पाणी गळतंय. "दवाखान्यातनं सुटून आलो, आन तुला काईल आणाया काय झालं हुतं गं?"

मी घरात धावले, कणगी उपसली आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. पलटणीत ते चार अक्षरं शिकले होते. ओल्या हातांनी त्यांनी ते फोडलं, ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं.

"काय लिवलंय रं?" सासूबाईंनी विचारलं.

"मी मेलोय म्हणं, आये!"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कुंकवाकडे बघितलं. मग लेकाकडे वळून म्हणाल्या,

"मेलायस तर मेलायस. आदी जेवून घे!"