कोटवाल्या चाचांचं रिकामं ताट

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत कोट शिवणारे एक चाचा होते. त्यांच्या दुकानात धड आरसा नव्हता. होता तो दाढी करायचा, खिळ्याला टांगलेला, आणि त्यात एका वेळी एक तर नाक दिसायचं किंवा टाय. ट्रायलला आलेल्या माणसाला चाचा कोट चढवायचे, लोखंडी खुर्चीवर बसवायचे, त्याच्या मांडीवर स्टीलचं रिकामं ताट ठेवायचे आणि म्हणायचे, "हां, आता जेव."

माणूस गोंधळायचा. ताटात तर काहीच नाही! पण चाचा ऐकत नसत. खोटा घास मोडायला लावायचे, तोंडापर्यंत न्यायला लावायचे, पलीकडचा पाण्याचा तांब्या उचलायला लावायचे आणि स्वतः मागे उभे राहून खांद्याकडे बघत बसायचे. हात वर जाताना कोटाचा खांदा उचलला किंवा कॉलर मानेपासून सुटली, की कोट परत मशीनवर. "कोट घालून मानूस कुटं जातो? लग्नाला. तितं काय करतो? जेवतो. उभं राहून नुसता फोटू निघतो बेटा," असं त्यांचं शास्त्र होतं. एकदा एका वकीलसाहेबांनी हा पोरखेळ करायला नकार दिला. चाचांनी शांतपणे त्यांच्या अंगावरचा कोट काढून घेतला आणि म्हणाले, "मंग हा अजून तयार न्हाय." वकीलसाहेबांनी शेवटी चुपचाप चार घास खाल्ले.

चाचांमध्ये दोष नव्हता असं मात्र समजू नका. वेळेच्या बाबतीत त्यांच्यासारखा खोटारडा माणूस मी पाहिला नाही. "जुम्म्याला ये की" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कुठल्या जुम्म्याला, हे विचारायचं आपल्याला सुचेपर्यंत ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेले असत. नवरदेव मांडवात आणि कोट दुकानात, असे प्रसंग गल्लीनं बरेच पाहिले होते. तरी लोक दुसरीकडे जायचे नाहीत.

मी त्यांच्याकडे गेलो तो नोकरीच्या मुलाखतीसाठी. वडील चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते आणि मी हॉटेल मॅनेजमेंट शिकून प्रवासी जहाजावर जायची स्वप्नं बघत होतो. मुलाखतीला गडद रंगाचा कोट हवा होता. चाचांनी मलाही ताट दिलं, पण माझं काम विचारून परीक्षा बदलली. तीन ताटं एका हातावर घ्यायला लावली आणि दुसऱ्या हातानं पाणी ओतायला. मुंबईत मुलाखत घेणाऱ्यांनी नेमकं तेच करायला सांगितलं. बाकीच्या पोरांचे कोट पाणी ओतताना कानाला भिडत होते. माझा जागचा हलला नाही. मी निवडला गेलो त्यात माझ्या इंग्रजीचा वाटा किती आणि त्या खांद्याचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

अशा जहाजावर सगळ्यांसाठी मोठी जेवणघरं असतात, तिथं फारसं कुणी अडवत नाही. शिवाय दोन-चार खास रेस्टॉरंटं असतात. तिथलं टेबल आधी राखून ठेवावं लागतं आणि तिथं पोशाखाचे नियम असतात. अर्धी चड्डी चालत नाही, रबरी चपला चालत नाहीत, आणि काही ठरावीक संध्याकाळी पुरुषांना कोट सक्तीचा. त्या दारावर उभं राहून माणसं वरपासून खालपर्यंत बघायची, हे काही वर्षांतच माझं काम झालं. सुट्टीवर आलो की चाचांना या गोष्टी सांगायच्या, हा माझा नेम. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. अक्कलकोटच्या पुढं ते फारसे गेलेच नव्हते. "समिंदरात बी टाय लावतेत? वाऱ्यानं उडत न्हाय?" असं विचारून ते पोट धरून हसायचे. नियमांना मात्र त्यांचा भक्कम पाठिंबा. "नेम पायजेच. सगळेच बनेनवर जेवाया लागले तर आमी काय खायचं?"

अशाच एका सुट्टीत मी त्यांना एक किस्सा मोठ्या ऐटीत सांगितला. एक वयस्कर जोडपं माझ्या दाराशी आलं होतं. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी खिडकीजवळचं टेबल महिनाभर आधी राखून ठेवलं होतं. नेमकी त्यांची बॅग विमानतळावरून आलीच नव्हती. बाई नीटनेटक्या होत्या, पण साहेबांच्या अंगावर नुसता शर्ट. आणि ती संध्याकाळ कोटाची. मी त्यांना इतक्या अदबीनं परत पाठवलं, की जाताना ते मलाच "थँक यू" म्हणाले! माझ्या वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली होती. आता चाचाही थोपटतील अशी माझी खात्री होती.

चाचा एका कोटाची काजं करत होते. त्यांची सुई थांबली. "मंग ते जेवले कुटं?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"आनि बाई?"

"त्या पण त्यांच्याबरोबर परत गेल्या."

चाचांनी सुई परत कापडात घातली. मग काज पूर्ण करता करता, माझ्याकडे न बघता त्यांनी एक जुनी हकिगत सांगितली. तरुणपणी त्यांनी एका गिरणीच्या मॅनेजरसाहेबांना कोट शिवला होता. साहेब इतके खूश झाले, की क्लबात त्यांच्या निरोपाचं जेवण होतं, त्याला चाचांनाही बोलावलं. चाचा धुतलेला पायजमा-कुर्ता घालून सायकलवर गेले. दारवानानं पायजमा-कुर्ता बघितला, वर कोट नाही म्हणाला आणि आत सोडलं नाही. साहेबांना आत पत्ताही नव्हता. "खिडकीतनं दिसत होतं की सगळं. माझा कोट आत बसून जेवत होता, आनि मी भाईर सायकलला टेकून. खांदा उचलत नव्हता त्याचा, हे बी दिसलं मला."

दारवानाला चार शिव्या तरी घालाव्यात म्हणून मी तोंड उघडलं, तर चाचांनी मलाच अडवलं. "त्याची काय चूक न्हाय. त्याच्याकडं मला द्यायला कोट नव्हता. तुज्याकडं बी नव्हता. तू सहा कोट घेऊन जा."

बड्या ठिकाणी दारात असे उसने कोट ठेवतात, हे मला ठाऊक होतं. पण ते पोत्यासारखे असतात आणि घालणाऱ्याला रात्रभर आपण उसने आहोत याची आठवण देत राहतात. चाचांनी वेगळीच युक्ती केली. गडद निळं कापड घेतलं, शिलाईत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, सोडलं, पाठीत अस्तराच्या आत बटणांच्या पट्ट्या लावल्या. आतली दोन बटणं बदलली की कोट सडपातळ माणसालाही बसावा आणि पोटवाल्यालाही. असा कोट त्यांनी आयुष्यात शिवला नव्हता. गल्लीतल्या जाड्या-बारीक सगळ्या माणसांना पकडून त्यांनी रिकाम्या ताटातून जेवू घातलं. पानवाला सांगायचा, त्या आठवड्यात तो सोळा वेळा जेवला.

अर्थात सहा कोट वेळेवर होणं शक्यच नव्हतं. मी निघालो तेव्हा पाच झाले होते. "सहावा जुम्म्याला," चाचा म्हणाले. मग पिशवी माझ्या हातात देताना त्यांनी मला कोट द्यायचं शिकवलं. "लांबून हातात द्यायचा न्हाय. मागं जाऊन धरायचा, त्याचाच हाय, आत राहिला होता असं समजून. लाजला तर घास उतरत न्हाय."

माझे वरिष्ठ आधी कुरकुरले. मग त्यांनी एक कोट स्वतः घालून बघितला, खुर्चीवर बसले, हात वर-खाली केला आणि काही न बोलता दाराजवळचं कपाट मला रिकामं करून दिलं. तेव्हापासून माझ्या दारावरून कोटापायी कुणी परत गेलं नाही. बंदरात फोन लागला की चाचांनी बोलून पाठवलेला निरोप आलेला असायचा. "कुनी जेवलं का रं?" मी सगळं सांगायचो. कुठला माणूस, केवढा देह, कितव्या बटणावर बसला. लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या त्या जोडप्याची भरपाई मात्र यानं होत नाही. ते कुठं जेवले, हे मला अजूनही माहीत नाही, आणि कोटाची संध्याकाळ असली की ते मला आठवतातच.

चाचा गेले तेव्हा मी समुद्रावर होतो. महिन्यानं सोलापुरात आलो तर दुकान बंद. घरी गेलो. चाचींनी पाणी दिलं आणि आतून इस्त्री केलेला निळा कोट आणला. सहावा.

"आजारी पडले तवा म्हनले, मापाला कुनी मिळंना, मी उटून गल्लीत जाऊ शकत न्हाय. मंग सोताच्याच अंगावर बेतला," चाची सांगत होत्या. "शेवटच्या आटवड्यात घालून बसले. मला म्हनले, ताट आन. रिकामंच ताट घेतलं आनि म्हनले, जमलं." मी तिथंच रडलो. चाचींनी रडू दिलं.

तो कोट पाच महिने कपाटात तसाच राहिला. द्यायची वेळ आली की माझा हात दुसऱ्याच कोटाकडे जायचा. मग एका संध्याकाळी चाचांच्याच अंगाचे एक बारकेसे, खांद्यात वाकलेले आजोबा आले. जहाजावर कोट लागतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नियमांचा फलक वाचून ते माझ्याशी न बोलताच मागे वळले होते. मी कपाट उघडलं. या अंगाला दुसरा कुठलाच कोट नीट बसला नसता. मागे जाऊन मी सहावा कोट धरला. एकही बटण बदलावं लागलं नाही. मी त्यांना खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं, ताट येईपर्यंत थांबलो, आणि पहिला घास वर जाताना त्यांच्या मागे उभा राहून बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी बंदर आलं. सवयीनं फोन काढला, मग भानावर आलो आणि चाचींना निरोप पाठवला, "चाची, काल चाचा आत बसून जेवले."

थोड्या वेळानं चाचींचा बोललेला निरोप आला. त्यांनी विचारलं होतं, "खांदा उचलला न्हाय ना रं?"

"नाही," मी लिहिलं. "जराही नाही."