उजव्या गुडघ्यावरचा टॉवेल

हातात चहाने भरलेला कागदी कप असताना टाळी वाजवू नये, एवढं शहाणपण माणसाला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत यायला हरकत नाही. मला आलं नव्हतं. वाईला, नदीजवळच्या एका मैदानावर, विद्यापीठाच्या कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना चालला होता. मी टाळी वाजवली आणि सगळा चहा शेजारी बसलेल्या कोंडीबाच्या डाव्या गुडघ्यावर सांडला. त्या गुडघ्यावर त्याचा पांढरा टॉवेल होता. मी घाईघाईने टॉवेल उचलला, त्याची पँट पुसली, टॉवेल झटकला आणि छान चौकोनी घडी घालून त्याच्या कोरड्या, म्हणजे उजव्या गुडघ्यावर ठेवला. मग त्याचा हात दोन्ही हातांत धरून सॉरी, सॉरी म्हणत बसलो.

सामना संपायला पंचवीस सेकंद उरले होते. माझ्या त्या घडीने कोंडीबाची नोकरी गेली.

कोंडीबा आमच्या सांगलीच्या कॉलेजचा कबड्डीचा प्रशिक्षक. मूळचा आटपाडीकडचा. घरी मेंढरं. वडील मेंढरांबरोबर बैलबाजारात दलालीही करायचे. तिथं बैलाचा भाव कुणी तोंडाने बोलत नाही. दोघं हातावर टॉवेल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहतो. लहानपणी टॉवेल सांभाळायचं काम कोंडीबाकडे होतं. त्याचं म्हणणं, आपण कबड्डी मैदानात नाही, त्या टॉवेलाखाली शिकलो.

सामना चालू असताना बाकावरून ओरडून सूचना दिल्या की पंच ताकीद देतात. तरी बाकीचे प्रशिक्षक घसा फाटेस्तोवर ओरडायचे. कोंडीबा मात्र तोंड उघडायचा नाही. चढाईला निघालेला खेळाडू त्याच्याकडे एक नजर टाकायचा. टॉवेल डाव्या गुडघ्यावर असला तर नुसती निदानरेषा ओलांडून रिकाम्या हाताने परत यायचं, वेळ खायचा. उजव्या गुडघ्यावर असला तर आत घुसायचं आणि कोपऱ्यातल्या गड्याला मारायचं. गळ्यात असला तर बोनस. एवढंच. समोरचे लोक मात्र त्याच्या हाताबोटांकडे बघत बसायचे, म्हणून तो मुद्दाम नाक खाजवायचा, कान ओढायचा, बोटं मोडायचा. एका प्रशिक्षकाने तर ते सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. मी काळजीने सांगितलं, तर कोंडीबा म्हणाला, "लिहू द्या की सर. माझ्या नाकाला खरंच खाज सुटती, त्येचंबी टिपण झालं."

पहिल्या दहा मिनिटांत तो आमच्या सगळ्यात कच्च्या गड्याला, पप्पूला, सारखा चढाईला धाडायचा. पप्पू सारखा बाद व्हायचा. जिमखानाप्रमुख या नात्याने मी एकदा आक्षेप घेतला. (माझी त्या पदासाठीची पात्रता अशी: मी मराठी शिकवत होतो, कॅरम खेळत होतो आणि ज्या बैठकीत ते पद कुणाच्या तरी गळ्यात मारायचं ठरलं त्या बैठकीला गैरहजर होतो.)

"पप्पूला काय जमतंय, कोंडीबा?"

"पप्पू काय करतोय ते पप्पूची आई बघंल. मी त्या सात जणांचे पाय बघतोय."

आणि खरंच, उत्तरार्धात तो नेमकं सांगायचा की डाव्या कोपऱ्यातल्या गड्याचा गुडघा दुखतोय, मधला आधी पाय उचलतो आणि मग विचार करतो. मग त्या गुडघ्यावर, त्या पायावर एकेक चढाई जाऊन पडायची. त्याने ठरवलेली चढाई फसलेली मी फार कमी वेळा पाहिली.

अजून एक शिस्त होती. मध्यरेषा ओलांडण्याआधी खेळाडूने दुसऱ्यांदा बघायचं. "सौदा पक्का हुईस्तोवर बोट बदलतंय," असं तो पोरांना सांगायचा. "एकदा बघून पळालात तर मागं बोलवायला मी येणार न्हाई." पोरं ही दुसरी नजर कधी विसरायची नाहीत.

त्या वर्षीची गोष्ट वेगळी होती. कोंडीबा नऊ वर्षं अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर होता. प्राचार्यांनी शब्द दिला होता, चषक आणा, संस्थेकडून तुमची कायमची ऑर्डर मी काढून आणतो. कोंडीबाने माधवनगरला खोली घेतली होती, मुलगी समीक्षा तिथल्याच शाळेत पाचवीला होती. एसटीत तो एरवी गावच्या गप्पा मारायचा, त्या दिवशी वाईला जाताना खिडकीबाहेर बघत होता. मी शेजारी केळ्यांची पिशवी, ग्लुकोजचे डबे आणि पोरांची ओळखपत्रं मांडीवर घेऊन बसलो होतो. संघव्यवस्थापक म्हणजे तेवढंच असतं.

उतरताना तो म्हणाला, "सर, तुमी कायबी करा. टावेलाला तेवढा हात लावू नगा."

मी हसलो होतो.

तर पंचवीस सेकंद. आम्ही एका गुणाने पुढे. समोरच्या, साताऱ्याकडच्या संघाचे मॅटवर तीनच गडी उरले होते. तिघांनी चढाईवाल्याला पकडलं तर एकाऐवजी दोन गुण मिळतात, तेव्हा आत घुसण्यात सगळा धोका आणि फायदा काहीच नाही. नुसतं जाऊन यायचं, शिट्टी होते, चषक आपला. चढाई आमच्या शिवतेजची. त्याने बाकाकडे पाहिलं. टॉवेल डाव्या गुडघ्यावर होता. मला ती खूण कळली, म्हणजे आपण जिंकलोच हे कळलं, आणि त्या आनंदात मी टाळी वाजवली.

शिवतेजने शिस्तीप्रमाणे दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा टॉवेल उजव्या गुडघ्यावर होता. चौकोनी घडीत. कोंडीबा हात सोडवायला बघत होता आणि मी सोडत नव्हतो. तो आयुष्यात पहिल्यांदा बाकावरून ओरडला, पण वाईकरांच्या शिट्ट्यांत ते कुठलं ऐकू जातंय. शिवतेज सरळ आत घुसला, कोपऱ्यावर झेप टाकली आणि तिघांनी त्याला उचलून मॅटवर झोपवला.

एका गुणाने हरलो.

पोरगं रडत बाकाशी आलं. "आण्णा, तुमीच उजवा दावला हुता की."

कोंडीबाची पँट अजून ओली होती. टॉवेल गळ्यात टाकत तो म्हणाला, "व्हय. मीच दावला. गप, आदी केळं खा."

मी दोन हात अंतरावर उभा होतो. मी पिशवीतून एक केळं काढलं, शिवतेजला दिलं आणि म्हटलं, "घे बाळा." त्या दिवशी मी केलेलं एवढंच भाषण.

पुढचं सांगताना मला माझ्या भाषाप्रभुत्वाचा राग येतो. स्पर्धेचा अहवाल लिहिण्याचं काम जिमखानाप्रमुखाचं. मी पहिला मसुदा खरा लिहिला होता. चहा, टाळी, घडी, सगळं. वाचून पाहिला तर फारच पोरकट वाटला. प्राध्यापकाने चहा सांडला म्हणून चषक गेला, हे संस्थेच्या लेटरहेडवर शोभेना. मग मी लिहिलं, 'अखेरच्या चढाईबाबत प्रशिक्षकांनी घेतलेला निर्णय अनाकलनीय ठरला.' मला वाटलं, किती सौम्य शब्द आहे, अनाकलनीय. कुणाला दोष नाही, काही नाही.

बैठकीत प्राचार्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि भाषेची तारीफ केली. मग कोंडीबाला आत बोलावलं.

"एका गुणाने पुढे, समोर तीन गडी, आणि तुम्ही पोराला आत घालता? शेंबडं पोरसुद्धा असं करणार नाही."

कोंडीबाने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या कॅलेंडरकडे बघत होतो. तेवढ्यात भजी आली, प्लेटा फिरल्या. मला वाटलं, भजी संपली की सांगू. कोंडीबाने पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात भजं होतं.

"चुकलं," तो म्हणाला.

पुढची ऑर्डर निघाली नाही. जूनमध्ये त्याने माधवनगरची खोली सोडली, समीक्षाचा दाखला काढला. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी गेलो होतो. त्याला एक नवा टॉवेल भेट दिला. नीट बघितलं तर याहून निर्लज्ज भेट मी कुणाला दिलेली नाही.

सात वर्षं गेली. मागच्या वर्षी निवृत्त झालो. निवृत्त माणसाला वेळ फार असतो आणि तो सगळा जुन्याच जागी जाऊन बसतो. शेवटी एक दिवस आटपाडीची एसटी धरली.

कोंडीबाची डाळिंबाची बाग आहे, पंधरा-वीस मेंढरं आहेत. अंगणात बाजेवर बसून तो मोबाइलवर कबड्डीचा सामना बघत होता आणि चढाई सुरू व्हायच्या आधीच पुटपुटत होता, "आता बोनस. आता रिकामा. आता ह्यो मरतोय." तसंच होत होतं. गावातली पोरं खेळतात का, असं विचारलं तर म्हणाला, "खेळत्यात. मी जात न्हाई."

त्याची बायको बयाबाई चहा घेऊन आली. कोंडीबाच्या हातात कप तसाच दिला. माझ्यापाशी थांबली, कप माझ्या दोन्ही हातांत नीट बसवला आणि म्हणाली, "दोनी हातांनी धरा, सर. आन् त्यांच्यापास्नं जरा सरकून बसा."

म्हणजे या घरात सात वर्षं सगळ्यांना माहीत होतं. मी सरकून बसलो.

शिवतेज आता सैन्यात आहे, असं कळलं. सुट्टीला आला की येऊन पाया पडतो, आणि जाताना दर खेपेला विचारतो, आण्णा, त्या दिवशी उजवा का दावला? कोंडीबा दर खेपेला सांगतो, डोकं फिरलं हुतं माझं.

मी येताना एसटीत सगळं पाठ करून आलो होतो. सुरुवात, मध्य, क्षमायाचना. त्यातलं काहीच आठवलं नाही. मी चहा संपवला, कप लांब, भिंतीशी नेऊन ठेवला आणि परत येऊन म्हटलं, "कोंडीबा, तो अहवाल मी लिहिला होता."

"ठावं हाय. प्राचार्यांनी वाचून दावला की."

"तुमच्या जागी दुसरा असता तर त्याने तिथंच टेबल उलटवलं असतं. तुम्ही एक वाक्य बोलला असतात, या माणसाने टॉवेल हलवला म्हणून, तर मला नाही म्हणता आलं नसतं. नोकरी राहिली असती. समीक्षाची शाळा राहिली असती. तुम्ही गप्प का बसलात?"

कोंडीबाने मोबाइल बंद केला. खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याने तोंड पुसलं आणि तो डाव्या गुडघ्यावर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

"तुमी बोलाल म्हणून थांबलो हुतो."